दहा डेसिबलचा वाद: पुण्यातल्या एका हेडफोन-भेटीचं प्रकरण

जागा कोथरूडमधल्या एका सोसायटीचा क्लब-हॉल. वेळ रविवारी सकाळी ९ ते दीड. माणसं २२, मोठे हेडफोन ११, इनइयर म्हणजे कानात खुपसायचे ९ जोड्या, ॲम्प (आवाजाचा संकेत वाढवणारे) आणि डॅक (डिजिटल गाण्याचा विद्युत संकेत करणारे) मिळून ७, शिवाय ज्याच्या-त्याच्या खिशातले डोंगल, म्हणजे फोनला लावायचे चिमुकले डॅक. एकमेकांची उपकरणं ऐकून बघायच्या अशा हौशी भेटींमध्ये वेगवेगळ्या रविवारी जे घडतं ते इथे एकाच सकाळीत गोळा केलं आहे. माणसं नमुन्याची आहेत. हेडफोनचे आकडे मात्र कंपन्यांनी छापलेले आहेत आणि हिशोब कुणालाही पुन्हा करून बघता येईल.

सकाळच का, तर संध्याकाळी हॉलबाहेर पोरांचं क्रिकेट असतं, आणि गणपतीच्या आधीच्या दोन महिन्यांत पुण्यात संध्याकाळी ओपन-बॅक, म्हणजे मागून उघडे हेडफोन ऐकायला बसणं म्हणजे विनोदच. नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की एक-दीड किलोमीटरवरही खालचे सूर त्यांच्याच मालकीचे. डिसेंबर-जानेवारीतली सकाळ उत्तम. तेव्हा पंखाही बंद ठेवता येतो, आणि या प्रकरणात पंख्याला बरंच महत्त्व आहे.

वाद पेटला तो ३ नंबरच्या टेबलावर. तिथे सेनहायझर एचडी ६५० होता, २००३ पासून विकला जाणारा, ३०० ओहमचा (ओहम म्हणजे विद्युत रोधाचं माप). मालक निवृत्त गृहस्थ, सगळ्यांचे काका. त्यांच्यासमोर त्यांचा टेबलावरचा ॲम्प, लॅपटॉपला जोडलेला. शेजारी विशीतला एक मुलगा ॲपलचं टाइप-सी डोंगल आपल्या अँड्रॉइड फोनला लावून उभा.

“काका, एकदा यावर ऐकून बघा ना. हाच तुकडा लावलाय.”

काकांनी अर्धा मिनिट ऐकलं. “पातळ आहे रे. तंबोरा मागे गेला, डग्गा तर दिसेनासाच झाला. या हेडफोनला ॲम्प लागतोच, ३०० ओहम आहे तो.”

मागे रांगेत चौघं होते. चौघांनीही ऐकलं आणि चौघांनीही मान डोलावली. खोटं कुणीच बोलत नव्हतं. डोंगलवर डग्गा खरंच कमी ऐकू येत होता. प्रश्न एवढाच होता, की तो ॲम्पमुळे की आणखी कशामुळे?

हे तपासायला लागतं एक मल्टिमीटर, एक वाय-स्प्लिटर, आणि एका टोकाला जॅक असलेली, दुसऱ्या टोकाला कापून तारा उघड्या केलेली जुनी केबल. स्प्लिटरच्या एका पायात हेडफोन, दुसऱ्यात ही केबल. हेडफोन जोडलेलाच ठेवायचा, कारण भार नसताना मोजलेला व्होल्टेज वेगळा येऊ शकतो. मग पूर्ण पातळीच्या १२ डीबी (डेसिबल) खाली, म्हणजे पाव व्होल्टेजचा २०० हर्ट्झचा सूर वाजवायचा आणि डाव्या चॅनेलची तार व सामाईक तार यांच्यात एसी व्होल्ट मोजायचे. सूर २०० हर्ट्झचा घेण्याचं कारण साधं आहे. स्वस्त मीटर एसी मोजतात ते घरच्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी. चारशेच्या वर त्यांच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये. प्रोब घसरून दोन तारा एकमेकींना टेकल्या तर ॲम्पचं आउटपुट शॉर्ट होतं, म्हणून तारांना मगरचिमटे लावावेत, हाताने धरत बसू नये.

इथे पहिला घोळ हमखास होतो. दोन-तीनशे रुपयांत मिळणारं पिवळं डीटी-८३० पद्धतीचं मीटर कुणाच्या तरी बॅगेत असतंच, आणि ते या कामाला निरुपयोगी. त्यावर एसीच्या रेंज दोनच, २०० आणि ७५० व्होल्ट. सर्वांत लहान पायरी ०.१ व्होल्टची. आपल्याला मोजायचंय ०.१ ते ०.५ व्होल्टमधलं, तेही दोन टक्क्यांच्या अचूकपणाने. त्यामुळे मीटर ०.१ आणि ०.२ मध्ये झुलत राहतं. एसीची २ व्होल्ट किंवा मिलिव्होल्टची रेंज असलेलं मीटर लागतं, आणि ते आणायचं काम आधीच एकाच्या नावावर लिहून ठेवावं लागतं.

चांगलं मीटर लावल्यावर आकडे आले ते असे. अँड्रॉइड फोनवर डोंगल पूर्ण आवाजात: ०.१२६ व्होल्ट. काकांचा ॲम्प, नॉब ११ वाजल्याच्या जागी: ०.४० व्होल्ट. गुणोत्तर सव्वातीनच्या जरा खाली, म्हणजे १० डेसिबल. माणसाच्या कानाला १० डीबीची वाढ ढोबळमानाने दुप्पट आवाज वाटते. काका एक गाणं ऐकत होते आणि तेच गाणं अर्ध्या आवाजात ऐकून ते पातळ आहे म्हणत होते.

आता डग्गाच का दिसेनासा झाला, तंबोरा नुसता मागे का गेला? कानाची खालच्या सुरांची संवेदनशीलता आवाज कमी झाला की मधल्या सुरांपेक्षा वेगाने घसरते. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी हे वक्र मांडले, आणि आज आयएसओ २२६ या मानकात ते सुधारून दिलेले आहेत. म्हणजे सगळे सूर सारखेच १० डीबीने उतरवले तरी कानाला बेस त्याहून जास्त उतरल्यासारखा वाटतो. त्यात हॉलचा पंखा. ओपन-बॅक हेडफोन बाहेरचा आवाज जवळपास अडवतच नाही, आणि पंख्याचा घुमारा बराचसा खालच्याच पट्ट्यात असतो. हळू वाजणारा डग्गा त्याखाली झाकला जातो. पंखा बंद केल्यावर काकांनाच डोंगलवर डग्गा “थोडा आला”, नॉबला कुणी हात न लावता.

डोंगल एवढं हळू का वाजत होतं, त्याचंही कारण ॲम्पच्या ताकदीत नाही. हे डोंगल पूर्ण पातळीला साधारण १ व्होल्ट देऊ शकतं. पण अनेक अँड्रॉइड फोन त्याच्या आतल्या आवाज-नियंत्रणाला शेवटपर्यंत नेत नाहीत, त्यामुळे निम्म्याच्या आसपास अडकतं. आयफोनला, आयपॅडला किंवा लॅपटॉपला लावलं की सुटतं. अँड्रॉइडवर यूएसबी थेट हाताळणारा प्लेअर वापरला तरी सुटतं. डोंगल लॅपटॉपवर नेल्यावर त्याच सुराला ०.२५ व्होल्ट मिळाले. मग ॲम्पचा नॉब खाली आणून त्यालाही ०.२५ वर बसवलं. ०.२ डीबीच्या आत यायचं तर आकडा ०.२४४ ते ०.२५६ मध्ये हवा. कानाने हे जुळवता येत नाही. कानाने जुळवलेल्या पातळ्या मीटरवर एक-दीड डीबीने चुकलेल्या निघतात, आणि तेवढा फरक “जास्त मोठा आवाज” म्हणून जाणवत नाही, “जास्त मोकळा”, “जास्त जिवंत” म्हणून जाणवतो. ऑडिओच्या दुनियेतली निम्मी विशेषणं या एका डेसिबलवर पोसली आहेत, असं आमचं मत.

पुढची पायरी झाकून ऐकण्याची. काका खुर्चीत, पाठीमागे पुठ्ठ्याचा आडोसा, आडोशामागे एक जण नाणं उडवून जॅक बदलणारा. तुकडा २० सेकंदांचा, दर वेळी सुरुवातीपासून. दोन्ही उपकरणं एकाच वेळी चालू ठेवून स्विचने बदलणं सोयीचं वाटतं, पण दोन यूएसबी डॅकमध्ये काही मिलिसेकंदांचा उशीर असतो आणि त्या उशिरावरूनच कान ओळखतो कुठलं कुठलं ते. जॅक लावतानाच्या “खट्” आवाजाचंही तेच. एक उपकरण जॅक टोचताना ठसका देत असेल, तर दोन्ही वेळा हेडफोन कानावरून काढायचा.

१० फेऱ्यांत काकांचे ५ बरोबर. त्या मुलाचे ४. तिसऱ्याचे ८ आले आणि हॉलमध्ये कुजबुज झाली. पण नुसत्या नाण्याने १० पैकी ८ किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता १,०२४ मध्ये ५६, म्हणजे साडेपाच टक्के असते. एकट्याने एकदाच बसून ८ काढले तर भुवया उंचावतील. पण १० माणसं ओळीने बसली, तर त्यातल्या निदान एकाला निव्वळ नशिबाने ८ येण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या वर जाते. म्हणून ८ आलेल्याला घरी पाठवायचं नाही, चहा पाजून पुन्हा बसवायचं. १६ पैकी १२ आले तर शक्यता चार टक्क्यांच्या आत येते. दुसऱ्या बैठकीत त्याचे १६ पैकी ९ आले.

यातून “ॲम्प लागतच नाही” असं कुणी म्हणू लागलं, तर तेही तितकंच चूक. लागतो का ते ओहमवरून ठरत नाही एवढंच. तीन हेडफोनचा हिशोब शेजारी ठेवून पाहू. लक्ष्य ११० डीबीचं शिखर, शास्त्रीय संगीताच्या खाली-वर जाणाऱ्या ध्वनिमुद्रणाला पुरेसं. एचडी ६५० ला १ व्होल्टला १०३ डीबी मिळतात, म्हणजे ११० साठी सव्वादोन व्होल्ट आणि अवघे साडेसात मिलिॲम्पियर. हायफायमन सुंदारा, ३७ ओहम, मिलिवॅटला ९४ डीबी: त्याला १.२ व्होल्ट पुरतात, पण प्रवाह ३३ मिलिॲम्पियर. हायफायमन एचई-६, ५० ओहम, मिलिवॅटला ८३.५ डीबी: पावणेपाच व्होल्ट, ९५ मिलिॲम्पियर, जवळपास अर्धा वॅट. तिघांत ओहम सर्वांत जास्त एचडी ६५० चे, आणि सर्वांत कमी वॅट खाणाराही तोच. १ व्होल्टचं डोंगल एचडी ६५० ला १०३ पर्यंत नेतं. आजकालच्या दाबून मिसळलेल्या गाण्यांना ते रग्गड होतं, पण मंद आलापाच्या ध्वनिमुद्रणात नॉब शेवटाला टेकतो. काकांची गरज खरी होती, कारण चुकीचं होतं.

याच हिशोबावरून टेबलं लावायला हवी होती. लावली होती ती किमतीप्रमाणे, महाग हेडफोन एका बाजूला आणि स्वस्त दुसऱ्या. त्यातून सकाळचा सर्वांत धोक्याचा क्षण आला. एचई-६ ऐकून झाल्यावर ॲम्प हाय-गेनवर (संकेत जास्त पटीने वाढवणाऱ्या कळीवर), नॉब दोन वाजल्याच्या जागी तसाच. पुढच्या माणसाने त्याच जॅकमध्ये मूनड्रॉप आरिया हे इनइयर खुपसले. आरियाची संवेदनशीलता १ व्होल्टला १२२ डीबी. पावणेपाच व्होल्टला हिशोब १३५ डीबीच्या वर जातो, आणि तोही कानाच्या नळीत बंद. नशीब, गाणं थांबवलेलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डीबी आहे, आणि दर ३ डीबीला वेळ निम्मी होते. या हिशोबात १३५ ला आठवड्याभरात अर्धा सेकंदही उरत नाही.

त्यानंतर टेबलं बदलली. इनइयर एका टोकाला, त्यांच्यासाठी वेगळे, कमी ताकदीचे डॅक. सुंदारा, एचई-६ यांसारखे भुकेले प्लॅनर दुसऱ्या टोकाला, तिथल्या ॲम्पवर लाल चिकटपट्टी: “इथे इनइयर लावू नये”. आणि सगळ्यांसाठी क्रम एकच. आधी नॉब शून्यावर, मग जॅक, मग कानाला, मग हळूहळू वर. उठताना पुन्हा शून्य.

ट्यूब ॲम्पची गोष्ट वेगळी, तिथे फरक खरा होता. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या ओटीएल ॲम्पचं आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे त्याचा आतला रोध, शंभर ओहमच्या पुढेही असू शकतं. समजा १२० ओहम. एचडी ६५० चा भार सगळ्या सुरांना ३०० नसतो. शंभर हर्ट्झच्या खाली-वर तो पाचशेच्या आसपास चढतो. व्होल्टेजची वाटणी केली तर ३०० ला २.९ डीबी गळतात, ५०० ला १.९. म्हणजे डग्ग्याच्या पट्ट्यात साधारण १ डीबीचा फुगवटा, जुळवलेल्या पातळीवरही ऐकू येणारा आणि बऱ्याच जणांना आवडणारा. याला ट्यूबची जादू म्हणायचं असेल तर म्हणा, पण एक १२० ओहमचा रेझिस्टर मालिकेत टाकून साध्या ॲम्पवरही यातलं बरंचसं मिळतं. सुंदाराचा भार सपाट, त्याला हा फुगवटा मिळत नाही, नुसता आवाज घटतो. आणि अनेक ड्रायव्हरांच्या (आवाज काढणाऱ्या भागांच्या) इनइयरचा भार सुराप्रमाणे वेडावाकडा बदलतो, त्यामुळे अशा ॲम्पवर त्यांचा चेहराच पालटतो. त्या टेबलावर ऐकून कुणी इनइयर विकत घेऊ नये.

दोन वेगळे हेडफोन जुळवताना मीटर फारसं कामाचं नाही. सारख्या व्होल्टला दोघांचा आवाज वेगळा. तिथे पिंक नॉइज, म्हणजे सगळ्या सुरांचा मिळून होणारा खरखराट वाजवून, पुठ्ठ्याच्या भोकात फोनचा माइक बसवून ढोबळ जुळणी होते, एक-दोन डीबीच्या आत. त्याहून जास्त दावा करू नये.

विजेबद्दल थोडं. हॉलमध्ये सहा ॲम्पियरचे चार सॉकेट होते. सगळी उपकरणं एकाच तीन-पिनी एक्स्टेन्शनवर घेतली की अर्थ-लूपची, म्हणजे उपकरणं दोन वेगळ्या वाटांनी अर्थला जोडल्याने होणारी घरघर बहुतेक जाते. लॅपटॉप बॅटरीवर चालवला की उरलेलीही. दोन-पिनी चार्जरवर धातूच्या लॅपटॉपला हात लावल्यावर येणारी झिणझिणी चार्जरमधल्या कपॅसिटरमधून झिरपणाऱ्या सूक्ष्म प्रवाहाची. तीच गुणगुण होऊन हेडफोनमध्ये येते. अर्थची पिन कापून घरघर घालवणारे महाभाग असतात, त्यांना हॉलबाहेर चहाच्या कामावर लावावं.

अमेरिकेहून भाच्याने आणलेला ॲम्प हा पुण्यातला नेहमीचा पाहुणा. मागचं लेबल वाचल्याशिवाय प्लग लावायचा नाही. “१००–२४० व्होल्ट” लिहिलं असेल तर ठीक. मागे ११५/२३० ची सरक-कळ असेल तर ती तपासायची. नुसतं “१२० व्होल्ट ६० हर्ट्झ” असेल तर २३० वरून ११० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. प्लगचा ॲडॅप्टर फक्त आकार बदलतो, व्होल्ट बदलत नाही. हे वाक्य दर भेटीत एकदा तरी मोठ्याने म्हणावं लागतं.

जॅकचे ॲडॅप्टर तर त्याहून फसवे. ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड केबलचा हेडफोन साध्या ३.५ च्या आउटपुटला लावणारा ॲडॅप्टर सुरक्षित आहे. उलटा, म्हणजे बॅलन्स्ड आउटपुटमध्ये साधा ३.५ चा हेडफोन बसवणारा, नाही. साध्या हेडफोनमध्ये डावी-उजवी परतीची तार एकच असते. बॅलन्स्ड ॲम्पमध्ये त्या दोन्ही तारांवर स्वतंत्र ॲम्प बसलेला असतो. ॲडॅप्टर दोघांना एकमेकांवर शॉर्ट करतो, आणि आउटपुट स्टेज जळू शकतो. दोन्ही बाजारात सारखेच दिसतात, म्हणून उलटे ॲडॅप्टर दारातच जमा करून घ्यायचे. ६.३५ चा कडक ॲडॅप्टर छोट्या डॅकच्या ३.५ च्या जॅकमध्ये लटकवला तर तरफेसारखा जोर येऊन जॅक सैल होतो. तिथे वीतभर केबलवालाच वापरावा.

इनइयरच्या टेबलावर दोन गोष्टींनी निकाल बदलतात, टिपचं माप आणि स्वच्छता. टिप कानात नीट बसली नाही की बेस सरळ गळतो, आणि दोष इनइयरला मिळतो. ४० हर्ट्झचा सूर वाजवून बघावा. हलकेच दाबल्यावर आवाज वाढत असेल तर माप चुकलंय, एक माप मोठं घ्यायचं. क्लोज्ड-बॅक हेडफोनला चष्म्याची काडी, जाड कुडी, घट्ट वेणी हेच करतात. चष्मा काढून ऐकलं की “बेस कमी आहे” ही तक्रार पुष्कळदा मिटते. टिपांचं म्हणाल तर प्रत्येकाने आपली सिलिकॉन टिपांची पाकिटं आणायची, फोमच्या टिपा वाटून वापरायच्या नाहीत. नोझल कोरड्या कापडाने, खाली तोंड धरून पुसायचं. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल टिपांना चालतं, नोझलच्या जाळीवर आणि कृत्रिम चामड्याच्या गाद्यांवर नाही. जाळीतून आत गेलं तर ड्रायव्हर बसतो, आणि गादी काही महिन्यांत सोलायला लागते. ज्याचा कान दुखतोय किंवा खाजतोय त्याने इनइयरच्या टेबलाला हात लावायचा नाही. पावसाळ्यात कानातल्या बुरशीचे रुग्ण वाढतात आणि टिप हा तिचा सोयीचा टांगा.

दीड वाजता सामान भरताना नोंदवही कामाला आली. प्रत्येक वस्तूसमोर मालकाची सही, केबल आणि ॲडॅप्टरसकट. हरवतात ते हेडफोन नाहीत, हरवतात ते ६.३५ चे ॲडॅप्टर, कारण ते सगळे सारखेच दिसतात. मालकाच्या रंगाची चिकटपट्टी गुंडाळलेले मात्र परत येतात.

एका इनइयरची उजवी बाजू हळू वाजते आहे, अशी तक्रार शेवटी आली. डावी-उजवी केबल अदलाबदल केली, दोष इनइयरबरोबरच सरकला, म्हणजे केबल ठीक. नोझलची जाळी उजेडात धरली तर आत ओलाव्याचा चकाकणारा पडदा दिसला. बावीस कानांची वाफ होती ती. टिप काढून, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह झाकणाच्या डबीत रात्रभर ठेवायचं, हेअर ड्रायर लावायचा नाही, असं सांगून ते मालकाच्या हातात दिलं.